एका गावाची एकच माती

परभणीच्या माती तपासणी प्रयोगशाळेत मी सहायक होते. शेतकरी कापडी पिशवीतून शेतातली माती आणत. आम्ही ती वाळवून, कुटून, चाळून तपासायचो आणि कोणतं खत टाकावं याची चिठ्ठी पोस्टानं ज्याच्या त्याच्या घरी जायची. नोकरी शांत होती. माती नापास झाली म्हणून कुणी भांडायला येत नसे.

मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा निर्णय झाला त्या हिवाळ्यात आमच्याकडे नवा संगणक आला. जुना एक होताच, पण त्यावर नुसती माहिती भरता यायची. नव्यावर आडव्या-उभ्या रकान्यांचा तक्ता होता, आणि तो हिशोब स्वतः करायचा. आमचे साहेब हुशार आणि हौशी. त्यांनी प्रत्येक पिशवीसाठी सतरा आकडी क्रमांक तयार केला. त्यात वर्ष होतं, जिल्हा, तालुका, गाव, हंगाम, सगळं होतं. अगदी शेवटचे दोन आकडे पिशवीचे. म्हणजे एका गावातून एकदम आलेल्या सगळ्या पिशव्यांचे क्रमांक शेवटच्या दोन आकड्यांपर्यंत सारखेच असायचे.

"हा क्रमांक बघितला की माणूस डोळे मिटून त्या शेतात जाऊन उभा राहील," साहेब म्हणाले.

मी बरं म्हणाले.

पहिला मान मानवतजवळच्या एका गावाला मिळाला. नावांची एक यादी आणि तपासणीच्या निकालांची दुसरी, अशा दोन्ही आम्ही जुन्या संगणकावर भरल्या, फ्लॉपीत घेतल्या आणि नव्या तक्त्यात आणल्या. क्रमांक जुळवून ज्याचा निकाल त्याच्या नावासमोर टाकायचं काम संगणकाचं. तक्त्यात येताच क्रमांकांचं रूप बदललं. सुरुवातीला दोन-चार आकडे, मग ई, मग अधिक चिन्ह आणि सोळा. साहेबांनी रकाना रुंद केला, खटपट केली आणि पूर्ण सतरा आकडे पडद्यावर आणले.

"जागा कमी पडत होती बिचाऱ्याला," ते म्हणाले.

चिठ्ठ्या छापून रवाना झाल्या. सगळ्या गावाचे निकाल सारखे आल्याचं साहेबांच्या लक्षात आलं होतं. त्यांनी वरच्या कार्यालयाला तसं कळवलंही. गावातील जमिनीचा एकसारखेपणा लक्षणीय असून अधिक अभ्यासास वाव आहे, असं त्या टिपणात होतं. ते टाइप करताना मी दोनदा थांबले. साहेब म्हणाले, टाइप करा.

पंधरवड्यानं त्या गावचे दोघे भाऊ आले. एकाच एसटीनं आले, पण एक पुढच्या दारानं आणि एक मागच्या दारानं उतरल्यासारखे, वेगवेगळे आत आले आणि बाकाच्या दोन टोकांना बसले. थोरल्याच्या अंगात कोट होता. धाकटा घोंगडी पांघरून होता. वाटणीत थोरल्याला कालव्याखालची काळी जमीन आली होती आणि धाकट्याला माळावरची बरड. तेव्हापासून धाकटा वाटणी चुकली म्हणत होता आणि थोरला ऐकत नव्हता.

"मॅडम, दोघांची माती एकच निघाली न्हवं?" थोरल्यानं आपली चिठ्ठी माझ्यापुढे धरली. "मी सांगायलोय ह्याला. पण ह्याला पटंना."

धाकट्यानंही चिठ्ठी काढली. "माझ्या रानात कुदळ मारली की ठिणगी निघतीय. ह्याच्या रानात पाय रुततोय. आन् हितं दोन्ही सारखंच लिवलंय. तुमी एकदा बघा."

मी दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या. नावं वेगळी. बाकी शब्दन् शब्द एक. सल्लाही एकच, आणि त्यात भाजीपाल्याचा उल्लेख होता. दोघांनीही भाजी कधी लावली नव्हती. मग क्रमांक पाहिले. दोन्हींच्या शेवटी दोन शून्यं होती. शून्य-शून्य नावाची पिशवी आमच्याकडे नव्हतीच.

"बसा," मी म्हणाले. "चूक आमच्याकडं हाय."

थोरला म्हणाला, "म्हणजे एकच न्हाई?"

"ते अजून माहीत न्हाई."

मी साहेबांना बोलावलं. नव्या तक्त्यात वरपासून खालपर्यंत सगळ्या क्रमांकांच्या शेवटी शून्यं होती. जुन्या संगणकावर तेच क्रमांक नीट, एक, दोन, तीन करत गेलेले. साहेबांनी खुर्ची ओढली आणि संगणकासोबत आलेलं जाड पुस्तक उघडलं. ते वाचेपर्यंत मी दोघा भावांना चहा दिला. चहा एकाच तबकात गेला, त्यामुळे त्यांना थोडं जवळ सरकावं लागलं.

पुस्तकात कारण सापडलं. नुसते आकडे दिसले की संगणक त्याला मोजायची संख्या समजतो. पहिले पंधरा आकडे तो जपतो आणि पुढच्यांच्या जागी शून्य टाकतो, कारण एवढ्या मोठ्या संख्येत शेवटच्या दोन आकड्यांनी काय बिघडतं, असा त्याचा हिशोब. आमचं सगळं त्या दोन आकड्यांवर चाललं होतं. सगळ्या पिशव्यांचा क्रमांक एकच झाल्यावर संगणक निकाल शोधायला जायचा आणि जो पहिला सापडेल तो उचलायचा. पहिली पिशवी गावच्या शाळेच्या परसबागेची होती. सगळ्या गावाला परसबागेचा सल्ला गेला होता.

साहेबांनी तो रकाना निवडला आणि ही संख्या नसून मजकूर आहे, असं संगणकाला सांगितलं. शून्यं शून्यंच राहिली.

"गेलेले आकडे परत कसे येतील?" मी म्हणाले. "तक्त्यात यायच्या आधी सांगायला पाहिजे."

साहेबांनी तक्ता पुसला आणि फ्लॉपी पुन्हा घातली. या वेळी यादी आत घेतानाच क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून नोंदवला. सतराच्या सतरा आकडे जसेच्या तसे उतरले. मी जुन्या पडद्यावरून वाचत गेले, साहेब नव्यावर बोट ठेवत गेले. यात दुपार गेली. त्यात कसल्याशा बंदमुळं परतीची एसटी सुटेना, म्हणून भाऊ तिथंच राहिले. धाकट्यानं फडक्यात बांधलेली भाकरी सोडली. थोरल्यानं आणली नव्हती. धाकट्यानं अर्धी त्याच्याकडे सरकवली.

नव्या चिठ्ठ्या निघाल्या तेव्हा थोरल्यानं हात पुढे केला, पण वाचायला मलाच सांगितलं.

धाकट्याची जमीन हलकी होती, पण निरोगी. शेणखत घालायचं, एवढंच. थोरल्याची काळी जमीन कालव्याच्या पाण्यानं खारावत चालली होती. पाणी कमी करा, चर खणा, जिप्सम टाका, असं चिठ्ठीवर लिहिलं होतं. मी ते सावकाश वाचलं. थोरल्यानं कोटाची गुंडी लावली, काढली, परत लावली.

"लय पाणी दिलं म्हणून झालं?" त्यानं विचारलं.

"हो. अजून सुधारंल. पण वर्षं जातील."

तो भावाकडे न बघता म्हणाला, "तू म्हणत हुतास वाटणी चुकली. मग करायची का परत?"

"न्हाई," धाकटा म्हणाला.

साहेबांनी पाठ फिरवली. ते हसत होते की काय, ते मला दिसलं नाही. त्यांनी वरच्या कार्यालयाला दुसरं टिपण पाठवलं. त्यात गावातील जमिनीचा विविधपणा लक्षणीय असल्याचं लिहिलं होतं. मी ते न थांबता टाइप केलं. सतरा आकडी क्रमांकावर त्यांचा जीव होता, तो त्यांनी सोडला नाही. फक्त त्याच्या सुरुवातीला एक अक्षर घातलं, म्हणजे संगणकाला चुकूनही संख्या वाटू नये.

पुढच्या उन्हाळ्यात मी माती गोळा करायला त्या गावी गेले. थोरल्याच्या रानाला चर खणणं चालू होतं. पाणी ओढ्यात सोडायचं तर चर धाकट्याच्या माळाखालच्या, ओढ्यालगतच्या पट्टीतून न्यावा लागत होता. धाकटा बांधावर उभा राहून कुठून खणायचं ते दाखवत होता.

"चराला जागा मागितली का त्यांनी?" मी हळूच विचारलं.

"दोन डाव मागाय लावलं," तो म्हणाला. "पहिल्या डावाला मला ऐकू आलं न्हाई."

थोरला चरात कमरेपर्यंत उतरला होता. त्यानं मान वर करून मला रामराम केला आणि परत कुदळ मारली. मी पिशव्या भरून घेतल्या, प्रत्येकीला चिठ्ठी बांधली आणि मानवतच्या जीपसाठी फाट्यावर जाऊन उभी राहिले.