विमलताईंचे झाड आणि माझी कात्री

विमलताई गायकवाडांची आणि माझी पहिली भेट चिंचवड स्टेशनजवळच्या त्यांच्या घरी झाली. चाकणच्या कंपनीतली माझी नोकरी नुकतीच सुटली होती. शेजारीण म्हणाली, "विमलताई मण्यांचं काम शिकवतात, जाऊन तर बघ." ताईंनी आधी जेवलीस का म्हणून विचारले, नाव नंतर. भिंतीवर शांत डोळ्यांची बुद्धमूर्ती होती. जवळ गेल्यावर कळले, ते चित्र मोहरीएवढ्या मण्यांनी विणलेले होते.

लाकडी मागावर उभे दोरे ताणायचे, ग्राफपेपरवरचे रंग पाहून एकेक ओळ सुईत ओवायची आणि दोऱ्यांमध्ये बसवायची. ताईंचे सारे आयुष्य दुसऱ्या एका कंपनीत रंगीत वायरी जोडण्यात गेलेले. एकाच रंगाच्या चार छटा त्या चष्म्याशिवाय वेगळ्या करीत. ती कंपनी बंद पडली आणि ती नजर मण्यांकडे वळली.

ताईंच्या त्या कंपनीच्या गेटसमोर कडुनिंब होता. दोन्ही शिफ्टच्या बायका त्याखाली जेवत. आता तिथे टॉवर आहेत. जुन्या कामगारांच्या स्नेहमेळाव्यासाठी ताईंनी एका फोटोवरून ते झाड विणायला घेतले. चार महिने मी मदतीला जात होते. मेळावा आठ दिवसांवर आला असताना, सुटलेले टोक कापताना माझ्या कात्रीने चार उभे दोरे तुटले. मणी फरशीवर सांडले. मला रडू आवरेना.

"आधी पंखा बंद कर," ताई म्हणाल्या. "मणी गोळा करू."

"ताई, तुमची सगळी मेहनत..."

"मेहनत माझी हाय ना? मग मी बघते. तू रंग वेगळे कर."

वरचा भाग त्यांनी स्वतः उसवला. मेळाव्यात चित्र मागासकट न्यावे लागले. खोड होते, खाली डबे उघडून बसलेल्या बायका होत्या. फांद्या मात्र अर्ध्यावर थांबल्या होत्या.

"विमल, चार महिने काय करत होतीस गं?" एका जुन्या सहकारी बाईंनी विचारले. सगळे हसले.

"वय झालं बाई," ताई म्हणाल्या. "हात चालंना पहिल्यासारखा."

माग धरून मी शेजारीच उभी होते. परतताना रिक्षात विचारले, "ताई, खरं का नाही सांगितलंत?"

"सांगितलं असतं तर तू उद्या आली नसतीस."

दुसऱ्या दिवशी मी गेले. उरलेल्या फांद्या ताईंनी माझ्याकडून विणून घेतल्या. आज पिंपळे सौदागरला मी सहा जणींना हे काम शिकवते.

त्या दिवशी हसलेल्यांपैकी अनेक जण ताईंवरचा हा गौरवग्रंथ वाचतील. त्यांना आज प्रथमच सांगते: ताईंचा हात तेव्हाही उत्तम चालत होता. दोरे मी तोडले होते.

साठीत पाऊल ठेवणाऱ्या ताईंना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. त्यांची नजर स्वच्छ राहो, बोटे हलकी राहोत. आणि माझी चूक त्यांनी आता मला परत द्यावी, एवढे मागणे.