दुर्गावयनीची खुर्ची

मायी भावजय दुर्गाबाई वाशीमच्या नाक्यावर अमरसिंगच्या हाटेलात सयपाक करे. चौऱ्याहत्तर-पंचाहत्तरची गोठ. अमरसिंग पंजाबचा, ट्रक चालवता चालवता इथंच राहून गेला. त्याच्याकडं एकाच ताटात छोले अन् ज्वारीची भाकर भेटे, दोशासंगं मिरच्यांचा ठेचा भेटे. पंजाबी वरण त्यानं शिकवलं, दोसा ठेसनातल्या एका मद्रासी बाईनं. करे सारं दुर्गावयनीच. कोणाच्या हातचं हाय, हे पुसाले ट्रकवाल्याइले फुरसत नव्हती. एवढं एक बरं होतं.

पण लोकाइले वाढून वाढून बाईची कंबर पार गेली होती. घरी आली का भिंतीले टेकून झोपून जाये, उपाशीच. त्या हाटेलातल्या टेबलावर बसून ती कधी जेवली नाई.

तिची पोरगी वच्छला नवऱ्यासंगं नागपूरले राहाले निघाली, तवा अमरसिंग म्हणे, "दुर्गाबाई, जाने के दिन सब इधर खाओ. तुम बैठो, गोविंदा पकाएगा." वयनी मले म्हणे, "बाई, एक डाव पोरीच्या बाजूनं बसून जेवाचं हाय मले. मंग कधी भेटते ती!"

बसलो आमी. वयनीचा नवरा देवमनभाऊ, मी, वच्छला, जावई इंद्रभान अन् मधात वयनी, नवं पांढरं लुगडं नेसून. जावयानं दोसा मागतला. गोविंदा हाटेलातला पोऱ्या, त्याचा दोसा तव्याले असा चिपकला का खरडून काढा लागला. दुसराही तसाच. वयनीचा जीव राहीना. "आलीच मी," म्हणे.

कायची येते बापा! दोसे झाले तं दारापुढं ट्रक लागले. गोविंदा घामाघूम. आमचं खाणं झालं, वयनीचं ताट झाकूनच राह्यलं. भाऊ ढेकर देऊन म्हणे, "आज दोसा मस्त झाला." माया जीव असा जळला! म्हटलं, "भाऊ, बायको कुठी हाय, पाह्यलं का?"

वयनी बाहेर आली तवा यष्टी समोर येऊन उभी होती. लुगड्यावर तेलाचे डाग. खुर्चीत बसली अन् म्हणे, "भूकच मेली वं. नुसतं बसू द्या." कंडक्टर हाका मारून राह्यला होता. इंद्रभान ट्रंक घेऊन उभा झाला. वच्छला काही उठली नाई.

"जाऊ द्या गाडी," ती म्हणे. "उद्या जाऊ."

"उद्या मले डुटी हाय न!"

"मंग तुमी जा. मी उद्या येतो."

इंद्रभाननं सासऱ्याले जयभीम केला अन् तोंड फुगवून एकटाच गाडीत चढला.

वयनीनं कपाळाले हात लावला. "कायले असं केलं वं पोरी? तो राग धरन न!"

"धरू दे. तू जेव."

वच्छलानं थंड झालेलं वरण गरम करून आणलं अन् मायच्या बाजूनं बसली. दुर्गावयनी सावकाश जेवली. दोनदा भात मागतला.