चुना लावलेले आठ दगड

आमच्या निसर्गशाळेच्या फ्रिजमध्ये वरच्या कप्प्यात दोन सारखे डबे असतात. एकात मावशींनी लावलेलं विरजण असतं, दुसऱ्यात उदमांजराची विष्ठा. दुसऱ्या डब्यावर चिठ्ठी चिकटवा, असं मी रुजू झालो त्या आठवड्यातच सांगितलं होतं. त्यावर ताईंनी मला विचारलं, "चिठ्ठी नसली तर ओळखता येणार नाही का?"

येतं. झाकण उघडल्यावर येतं. माझं म्हणणं झाकण उघडण्याआधीचं होतं.

त्यापूर्वी अठरा वर्षं मी एका वर्तमानपत्राचं जिल्ह्याचं पान लावत होतो. तालुक्यांतून बातम्या यायच्या, त्या कापायच्या, तपासायच्या आणि वेळेत खाली छपाईला सोडायच्या. बातमीदाराला फोनवर माझा दिवसातून दहा वेळा एकच प्रश्न असायचा, "कशावरून?" उत्तर आलं की बातमी पुढे जायची, नाही आलं की ती ओळ उडायची. आवृत्ती बंद झाली तेव्हा ओळखीच्यांनी इथलं काम सुचवलं. रत्नागिरीहून एसटीने पाऊण तासावर, समुद्राच्या अंगाला सड्यावर ही शाळा आहे. सडा म्हणजे मैलभर पसरलेला काळा कातळ, मधेमधे करवंदाच्या जाळ्या. उन्हाळ्यात पुण्याकडची मुलं पाच-पाच दिवसांसाठी येतात. शाळांना पत्रं लिहायची, बसची वेळ ठरवायची, भाजी मागवायची आणि मुलं बाहेर पडली की शेवटचं माणूस म्हणून मागून चालायचं, हे माझं काम.

शिकवणारे दोघे. काका हायस्कुलात जीवशास्त्र शिकवून निवृत्त झालेले. या सड्यावर ते माझ्या जन्माच्या आधीपासून फिरतायत. ताई तिशीच्या, प्राणिशास्त्र शिकलेल्या, राजापूरकडच्या. दोघांना येतं ते मला सात जन्मांत येणार नाही, हे आधी नोंदवून ठेवतो. पण त्यांची शिकवण्याची एक पद्धत आहे आणि ती ते चोवीस तास पाळतात. विचारणाऱ्याला उत्तर द्यायचं नाही. उलट प्रश्न करायचा. विचारणाऱ्याने पुन्हा बघायचं आणि आपलं आपण शोधायचं.

"काका, हा कुठला पक्षी?"

"पाय कसे आहेत त्याचे?"

"पिवळे. कुठला आहे पण?"

"पिवळे पाय घेऊन तो कुठे चालतोय?"

"काका, नाव सांगा ना! मला आईला सांगायचंय."

"आईला पायांचं सांग. नाव तिलाही विचारता येईल."

मुलं दुसऱ्या दिवशी सुधारतात. म्हणजे तीही तसंच बोलायला लागतात. "आंघोळ केलीस का रे?" असं ताईंनी विचारलं की "तुम्हाला काय वाटतं, ताई?" असं उत्तर येतं आणि सगळी खोली हसते. ताईही हसतात. मी हसत नाही, कारण आंघोळीच्या पाण्याची वेळ मला सांभाळायची असते. जेवण किती वाजता, असं मी काकांना एकदा विचारलं, तर ते सावलीकडे बघायला लागले.

त्या मेमध्ये पायवाटेपासून दहा पावलांवर टिटवीने अंडी घातली. टिटवी घरटं बांधत नाही. उघड्या कातळावर बोटभर खोलगट जागा बघते, चार खडे गोळा करते आणि त्यातच अंडी देते. चार अंडी, टोकं आत वळलेली, रंग कातळासारखाच. ताईंनी मला दाखवलं तेव्हा मी त्या जागेकडे सरळ बघत होतो आणि मला काहीही दिसत नव्हतं.

ताई त्यात पार गुंतल्या. दुपारी कातळ तापला की नर किंवा मादी डबक्यावर जाऊन पोट भिजवून येते आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसते, हे त्या छत्रीखाली बसून रोज टिपायच्या. मुलांना त्या करवंदाच्या जाळीपर्यंतच नेत आणि दुर्बीण हातात देत. सड्यावर आजवर त्यांनी पाहिलेल्या घरट्यांपैकी कातळावर पिल्लू निघेपर्यंत टिकलेलं एकही नव्हतं. काही अंडी कुत्र्यांनी नेली, काही गुरांच्या पायाखाली गेली. हे टिकावं, एवढंच त्यांना त्या महिन्यात हवं होतं. त्यांच्या हिशेबाने अंडी फुटायला आठवडाही उरला नव्हता आणि नेमकं तेव्हाच राजापूरला मामेबहिणीचं लग्न आलं.

शुक्रवारी दुपारी एसटी पकडण्याआधी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"सर, दोन दिवस घरटं तुमच्याकडे."

"काय करायचं?"

"बघायचं."

"आणि?"

"आणि काही नाही. बघायचं."

याला मी सूचना समजत नाही. तरी वहीत लिहून घेतलं: शुक्रवार, दुपारी दीड, अंडी चार.

शनिवारी सकाळी आठ वाजता एका मुलीची टोपी वाऱ्याने उडाली. ती जाळीपलीकडे टोपीमागे धावली. मी ओरडलो, काका ओरडले, दोन्ही टिटव्या ओरडल्या. मुलगी दचकून थांबली. तिचा बूट अंड्यांपासून वीतभर अंतरावर होता. मी मोजलं नाही, पण वीतच होती. तिला अंडी अजूनही दिसत नव्हती. "कुठायत, सर?" ती तिथेच उभं राहून पाय फिरवत विचारत होती.

बावीस मुलं, अजून दोन दिवस, वारा तसाच. मला एक साधी गोष्ट सुचली. जागा दिसेल अशी खूण करायची. रस्त्यावर खड्डा असला की आपण दगड मांडतो, तसं. आवाराच्या झाडांना लावून उरलेला चुना गोदामात होता.

पण घरटं माझं नव्हतं. म्हणून आधी काकांना विचारलं. ते मुलांबरोबर वारुळापाशी वाकले होते.

"काका, घरट्याभोवती खूण केली तर चालेल?"

"चांगला प्रश्न आहे," काका म्हणाले आणि पुन्हा वारुळात बघायला लागले.

मग आवाराच्या टोकाला, जिथे रेंज येते तिथे उभा राहून ताईंना फोन लावला. मागे सनई, बायकांचा गलका. मी टोपीचा प्रकार सांगितला. त्या "अगं बाई" म्हणाल्या. मी म्हटलं, "दगडांना चुना लावून भोवती ठेवू का? मुलांना दिसेल."

"तुम्हाला काय वाटतं, सर?"

"मला वाटतं, ठेवावेत."

"हं. पण कोणाकोणाला दिसेल, याचा..." आणि पलीकडे कुणीतरी हळद, हळद करत त्यांना ओढून नेलं. फोन बंद झाला. पुन्हा लागला नाही.

ते अर्धं वाक्य माझ्या वहीत आहे. ते मी मुलांच्या बाजूने पूर्ण केलं. सकाळी साडेदहाला आठ दगड, प्रत्येक नारळाएवढा, पांढरेशुभ्र, घरट्याभोवती दोन पावलांवर गोल मांडले. टिटव्यांनी माझ्या डोक्यावरून झेपा टाकल्या. संध्याकाळपर्यंत एकही मूल तिकडे गेलं नाही. वहीत नोंद: सायंकाळी सहा, अंडी चार. उपाय यशस्वी, असंही मी लिहिलं आहे. ते खोडलेलं नाही.

रविवारी सकाळी सहा चाळीसला मी तिथे पोचलो तेव्हा एका पांढऱ्या दगडावर डोमकावळा बसला होता. दुसरा जाळीजवळ जमिनीवर उड्या मारत होता आणि दोन्ही टिटव्या त्याच्यामागे लागल्या होत्या. पहिला सावकाश उतरला, चालत गोलाच्या आत गेला. मी हातातली बाटली फेकली. तो उडाला. घरट्यात एक अंडं होतं.

मी आठही दगड उचलून शंभर पावलं लांब नेऊन टाकले. चार फेऱ्या. मग ताईंच्या छत्रीखाली दुपारी दीडपर्यंत बसलो. कावळे दोनदा येऊन गेले. टिटवी मात्र त्या एका अंड्यावर पुन्हा बसली, डबक्यावर जाऊन पोट भिजवून आली, पुन्हा बसली.

मावशी जेवायला बोलवायला आल्या. शाळेचा स्वयंपाक त्याच करतात, खालच्या वाडीतल्या. मी काय झालं ते सांगितलं.

"कावळ्याने नेलीन्, दुसरं कोण?" त्या म्हणाल्या. "तुम्ही त्याला पाट मांडून दिलात, रांगोळी घातलीत. जेव म्हटलंत."

"पण त्याला कसं कळलं?"

"आता काय सांगू तुम्हाला! मी पडवीसमोर सुकट वाळत घालते ना, वर फडकं टाकते आणि कडेने दगड ठेवते. मेला फडक्याकडे बघत नाही, दगडाकडे बघतो. दगड गोल मांडले म्हणजे मधे काहीतरी खायचं, एवढं त्याला पाठ. म्हणून मी आता दगड ठेवतच नाही, काठी घेऊन बसते."

"हे मला काल का नाही सांगितलंत?"

"काल मला विचारलंत?"

नव्हतं विचारलं. जिल्ह्याच्या पानावर मी दोन ठिकाणांहून दुजोरा मिळाल्याशिवाय ओळ सोडत नसे. इथे दोन ठिकाणी विचारलं, दोन्हीकडून प्रश्न परत आला आणि मी पान छापलं. सरळ उत्तर देणारं एकच माणूस शाळेत होतं. ते पंधरा पावलांवर कांदा चिरत होतं.

ताई संध्याकाळी साडेपाचच्या एसटीने आल्या. हातावर मेंदी, केसांत सुकलेला गजरा. सामान ओट्यावर ठेवून थेट घरट्याकडे गेल्या, वीस मिनिटांनी परत आल्या. मी उभाच होतो. मी सगळं वेळेसकट सांगितलं. त्यांनी मधे एकदाही काही विचारलं नाही. ती त्या दिवसातली माझी सर्वांत अवघड वीस वाक्यं होती.

"ताई," शेवटी मीच म्हटलं, "तुम्हाला माहीत होतं ना? मग 'नको' एवढंच म्हणायचं होतंत. दोन अक्षरं."

त्यांनी ओट्यावरचं सामान उचललं. "सवयीने गेलं तोंडातून," त्या म्हणाल्या. "मग पुढचं म्हणेपर्यंत फोन गेला." "तीन अंडी," असं म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

सोमवारी दहाला मुलांची बस होती. साडेआठला काकांनी मुलांना जाळीपाशी बसवलं आणि सुरू केलं. "पहिल्या दिवशी किती होती? आज किती? काय झालं असेल?" मी मागे उभा राहून घड्याळ बघत होतो. मुलांनी कुत्रा म्हटलं, साप म्हटलं, मुंगूस म्हटलं. मग टोपीवाल्या मुलीने विचारलं, "शनिवारी इथे पांढरे दगड होते ना? ते कुठे गेले?"

काकांनी उत्तर दिलं नाही. सगळी मुलं विचार करत बसली. नऊ वाजले. अजून डबे भरायचे होते, बॅगा मोजायच्या होत्या.

"दगड मी ठेवले होते," मी म्हणालो. "शनिवारी साडेदहाला. तुमचे पाय पडू नयेत म्हणून. कावळ्यांना खूण कळली. त्यांनी तीन अंडी नेली. चूक माझी. आता चला, बस येईल."

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मी परीक्षेआधी पेपर फोडला होता. "सर, मुलं उत्तरापाशी पोचत आली होती," ते हळूच म्हणाले.

"बसही पोचत आली होती," मी म्हटलं.

गुरुवारी नवी मुलं यायची होती. सकाळी सहाला वही घेऊन गेलो तर घरटं रिकामं. टिटव्या तिथे नव्हत्या, कावळेही नव्हते. मी परत येऊन ताईंना उठवलं असतं. पण त्या काय विचारतील ते मला माहीत होतं. म्हणून कातळावर पालथा झालो आणि खडे एकेक करून बघितले. नखाएवढे कवचाचे दोन तुकडे सापडले, आतून पांढरे, कोरडे. पुढे चाळीस पावलांवर, डबक्याच्या काठाला टिटवीचा आरडाओरडा ऐकू आला. तिकडे गेलो तर एक टिटवी पंख ओढत, मोडल्यासारखं करत, मला भलत्याच दिशेला नेऊ लागली. मी गेलो नाही. जागीच थांबलो, पाय न हलवता, पंधरा मिनिटं. गवताच्या एका झुपक्याने दोनदा मान वर केली.

मी परतलो तेव्हा मावशी चुलीशी होत्या आणि ताई दारात ब्रश घेऊन उभ्या.

"काय ओ भाऊ?" मावशींनी विचारलं. "गेलं की आहे?"

"पिल्लू आहे," मी म्हणालो.

मावशींनी "बरं झालं" म्हटलं आणि चहात साखर टाकली. ताईंच्या तोंडात फेस होता. तो त्यांनी ओट्याखाली थुंकला, तोंड पुसलं. डोळे भरून आले होते, ते मला दिसत होतं.

"कशावरून?" त्या म्हणाल्या.

मी वही उघडली.