बरगड्यांमधला सूर्य

पुढच्या वर्षी ऑगस्टमध्ये खग्रास सूर्यग्रहण आहे. त्याची गडद सावली भारतावरून जाणार नाही; ती स्पेनच्या दक्षिण टोकावरून उत्तर आफ्रिका ओलांडून अरबस्तानात उतरेल. पनवेलला त्या दिवशी दुपार कलताना सूर्याचा थोडासा तुकडा झाकला जाईल, पण ऑगस्टमध्ये आमच्या आकाशात सूर्य असतो हे गृहीत धरूनच चालावे लागते. म्हणून आम्ही जेद्दाला जाण्याचे ठरवले आहे. आम्ही म्हणजे माझी थोरली बहीण, तिची शाळेपासूनची मैत्रीण आणि मी. मैत्रिणीला मी लहानपणापासून आपा म्हणतो. त्यांचा मुलगा जेद्दाला नोकरीला आहे, आणि त्याच्या इमारतीला मोकळी गच्ची आहे.

ताईच्या डाव्या डोळ्यात एक कोर आहे. आम्ही शाळेत असताना फेब्रुवारीतल्या एका दुपारी ग्रहण लागले होते. कर्नाटकात ते खग्रास होते, आमच्याकडे सूर्याची बारीक कोर उरली होती. जुन्या पनवेलचे रस्ते ओस पडले होते. आई दार लावून, पाण्याच्या भांड्यांवर तुळशीपत्रे ठेवून आत बसली होती. बाबा हायस्कुलात विज्ञान शिकवत. ग्रहणाला घाबरून घरात बसणे त्यांना अपमानास्पद वाटे. तरुणपणी त्यांना क्षय झाला होता; त्या वेळचा छातीचा एक्स-रे त्यांनी जपून ठेवला होता. त्याचे त्यांनी कात्रीने तुकडे केले आणि आम्हाला अंगणात नेले. तुकडे लहान होते, म्हणून त्यांनी शिकवले, "एक डोळा मिटायचा, दुसऱ्याने बघायचं." मी दोनदा बघितले आणि भूक लागली म्हणून आत पळालो. ताई बघत राहिली. बाबांच्या बरगड्यांमधून सूर्य कसा दिसतो, हे ती नंतर कितीतरी दिवस शाळेत सांगत होती.

एक्स-रेची फिल्म उजेड कमी करते, पण डोळ्याला न दिसणारे सूर्याचे किरण तिच्यातून सहज जातात. त्यातच घात आहे. उजेड झोंबत नाही, म्हणून आपण जास्त वेळ बघतो. दृष्टिपटलाला वेदना कळत नाही, म्हणून भाजते तेव्हा काहीच जाणवत नाही. मी हे आता माझ्या वर्गात दरवर्षी शिकवतो. त्या काळी बाबांना हे ठाऊक नव्हते. आमच्या ओळखीत कोणालाच नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताई बाबांना म्हणाली, "उजवा डोळा मिटला की तुमचं तोंड जातं. कान राहतात फक्त." बाबा हसले. मग तिने ते पुन्हा करून पाहिले आणि पुन्हा तेच सांगितले, तेव्हा ते हसले नाहीत. डॉक्टरांनी सांगितले की जखमेचा आकारही कोरीचाच आहे. सूर्य त्या घटकेला जसा होता, तसाच्या तसा आत उमटला होता.

आई पुढची कितीतरी वर्षे बोलत राहिली. "माझं ऐकलं असतं तर? पण मी अडाणी ना!" बाबांनी कधी उत्तर दिले नाही. ताईला लहानपणी एक खोड लागली होती. कोणावर चिडली की ती उजवा डोळा मिटून त्याच्याकडे बघायची. बाबांकडे तिने असे बघितले, की ते उठून बाहेर जात.

आता तिला खग्रास बघायचे आहे. मी नको म्हणून पाहिले. तिच्याकडे एकच पुरता डोळा उरला आहे.

"कोर मला रोज दिसते रे," ती म्हणाली. "मला तो सबंध झाकलेला बघायचाय. एकदाच."

ग्रहण सुरक्षितपणे बघण्याचा नियम सोपा आहे. सूर्याचा कणभर भाग जरी उघडा असला, तरी प्रमाणित ग्रहणचष्मा डोळ्यांवर हवा. सूर्य पूर्ण झाकला गेला की चष्मा काढायचा, आणि तेव्हाच त्याच्याभोवतीची मोतिया प्रभा दिसते. ती वेळ तिथे पाच-सहा मिनिटांची आहे. ती संपण्याच्या आधी नजर काढून घ्यायची. पहिला किरण फुटल्यावर नव्हे, त्याच्या आधी.

मी चष्मे मागवले आणि घरात तपासले. चांगल्या चष्म्यातून घरातली ट्यूबलाइटही दिसता कामा नये. त्यातून काळोखाशिवाय काही दिसले नाही. मग कपाटातून बाबांचे खाकी पाकीट काढले. उरलेला एक तुकडा त्यात आहे. तो ट्यूबलाइटसमोर धरला. उजेड आरपार आला, आणि उजेडाला आडव्या दोन बरगड्या. बाबांना जाऊन आता बरीच वर्षे झाली. मी तुकडा परत पाकिटात ठेवला, पण त्या दिवसापासून चष्म्यांबद्दल ताईला काही समजावताना माझ्याच तोंडून त्यांचा आवाज येतो. "काही होत नाही, मी सांगतो ना." हे वाक्य माझे नाही.

मागच्या रविवारी नवीन पनवेलमधल्या आमच्या इमारतीच्या गच्चीवर आम्ही सराव केला. सूर्य मावळल्यावर, म्हणजे चुकून काही होण्याची भीती नको. जेद्दाला त्या वेळी सूर्य जवळजवळ डोक्यावर असेल, म्हणून सतरंजीवर उताणे झोपून बघायचे. मी मोबाइलवर गजर लावला: प्रभा दिसण्याची वेळ संपण्याच्या पुरेसा आधी वाजणारा.

आपा डबा घेऊन आल्या होत्या. "ग्रहणाला आम्ही नमाज पढतो, असे आडवे नाय पडत," त्या म्हणाल्या. "माझा मुलगा म्हणतो, अम्मी, तुम्ही तिघं गच्चीत झोपणार, शेजारी काय म्हणतील?"

"म्हणावं, इंडियातून सासुरवाडी आलीय," ताई म्हणाली.

मी सूचना दिली, "आता सूर्य झाकला. चष्मा काढा." ताईने काढला. वर करडे आकाश होते आणि नव्या विमानतळाकडे उतरणारे एक विमान. पळस्प्याच्या महामार्गावरून गाड्यांची घरघर येत होती. ठरल्या वेळी गजर वाजला.

ताई हलली नाही. डोळे तसेच उघडे, वर.

"ताई, गजर."

ती बघतच राहिली. गजर वाजत राहिला. मी तिचा खांदा हलवला, तेव्हा तिने चष्मा चढवला.

"ऐकू नाही आला?"

"आला." ती उठून बसली. "तेव्हाही ऐकू आलं होतं."

"केव्हा?"

"अंगणात. बाबा दोनदा म्हणाले होते, आता बस. मग आत आईला काहीतरी सांगायला गेले. मी बघत राहिले. थांबवेच ना." मग ती म्हणाली, "त्यांनी आईला हे कधीच सांगितलं नाही. आई इतकं बोलायची, पण एकदाही नाही."

फिल्मची चूक बाबांचीच होती, आणि ताई तेव्हा लहान होती. हे दोन्ही तिला सांगता आले असते. पण तिला ते माहीत होते.

"म्हणून सांगते," ती म्हणाली, "तू गजर लाव, हाका मार. मी थांबेन याचा भरवसा नाही. मी स्वतःला ओळखते."

"मग जायचंच नाही," मी म्हणालो.

"जायचंय."

आपा डब्याचे झाकण लावत होत्या. ते बाजूला ठेवून त्या ताईच्या डोक्यामागे येऊन बसल्या. "झोप पुन्हा," त्या म्हणाल्या. "मी सूर्याकडे बघणारच नाय. माझी नजर याच्या मोबाइलवर. गजर झाला की माझा हात तुझ्या डोळ्यांवर. तुझं ऐकणार नाय, शिव्या दिल्यास तरी."

"तुझी नमाज?"

"तेवढी पाच मिनिटं अल्ला मला सोडेल."

आम्ही पुन्हा सुरुवात केली. चष्मा काढला. आकाश आता आणखी काळे झाले होते. गजर वाजला आणि त्याच क्षणी आपांचा तळवा खाली आला. ताईने हात झटकायला मनगट पकडले, खरेच पकडले, मला ते दिसले. आपांनी हात हलू दिला नाही. हळूहळू ताईची बोटे सैल झाली.

"आता बस म्हण," तळव्याखालून ती म्हणाली.

"कोणी?"

"तू. त्यांच्यासारखं."

त्या दुपारनंतर आमच्या घरात तो शब्द तसा कोणी उच्चारला नव्हता. मी मोबाइलचा गजर बंद केला.

"आता बस," मी म्हणालो. आवाज त्यांचाच आला.

ताईने मान डोलावली. आपांनी हात काढला नाही, आणि तो काढ असे ताईही म्हणाली नाही.