सतरा मैफली आणि एक वाक्य

नव्वदच्या दशकात मी कोल्हापुरातल्या एका छोट्या दैनिकात उपसंपादक होतो. लहानपणी दोन महिने पेटी शिकलो होतो, असं एकदा चहा पिताना बोलून गेलो आणि त्याच आठवड्यात संपादकांनी मला संगीत समीक्षक करून टाकलं. त्या दोन महिन्यांत मी ‘सा रे ग म’पर्यंत पोचलो होतो, ‘प’च्या आधीच मास्तरांची बदली झाली. पण माझ्याआधी कुस्तीचे बातमीदारच गाण्यावर लिहायचे, त्यामानाने मी पंडितच.

काम सोपं होतं. पुढच्या खुर्चीत बसायचं, अधूनमधून डोळे मिटायचे आणि मध्यंतरातला चहा पिऊन ऑफिस गाठायचं. उत्तरार्ध मी कधीच ऐकला नाही, लिहिलं मात्र त्यावरच जास्त. लोक रस्त्यात थांबवून “काय कान आहे तुमचा!” म्हणायचे. मलाही ते पटत चाललं होतं.

वर्षभराने एका दुपारी साठीचे एक गृहस्थ ऑफिसात आले. सदऱ्यावर वंगणाचे डाग, काखेत वही.

“गाण्याचं कोण लिवतंय?”

चाहता आला म्हणून मी खुर्ची दिली, चहा सांगितला. वहीत माझी सगळी परीक्षणं चिकटवलेली होती. मी सुखावलो. मग प्रत्येक कात्रणातल्या एकाच वाक्याखाली लाल रेघ दिसली: ‘गळ्याची फिरत आणि भावपूर्ण आलापी यांनी रसिक मंत्रमुग्ध झाले.’ सतरा कात्रणं, सतरा रेघा.

“पावणं, ह्या सगळ्यांचा गळा एकच हाय का वो?” त्यांनी शेवटचं पान उलटलं. “आनि ह्यो तर सतारवाला हुता की! त्यो कुठनं गायला?”

सगळं ऑफिस हसलं. कुस्तीवाले जरा जास्तच.

“तुम्ही गाण्यातले का?” मी फणकाऱ्याने विचारलं.

“न्हाय. इचलकरंजीत जॉबर हाय. माग दुरुस्त करतो. या की एकदा.”

त्यांचं अज्ञान उघडं पाडायला मी पुढच्याच रविवारी गेलो. शेडमध्ये चाळीस यंत्रमाग खडखडत होते. मला एकच गोंगाट ऐकू येत होता. ते क्षणभर थांबले आणि माझ्या कानाशी ओरडले, “भिंतीकडचा तिसरा. धोटा अडखळतोय.” माग बंद केला. आडवं सूत नेणाऱ्या त्या धोट्याचं टोक खरंच तुटलं होतं.

“गाणं बी असंच ऐकायचं,” बाहेर आल्यावर ते म्हणाले. “एकेक आवाज वायला करून.”

पुढची मैफल मी शेवटपर्यंत ऐकली आणि जे ऐकलं ते लिहिलं: तंबोरे उतरले होते, तबला गाण्यावर चढत होता, शेवटच्या भजनात मात्र गाणाऱ्या बाईंचा आवाज खुलला. संपादक सुट्टीवर होते म्हणून ते छापून आलं. दुसऱ्या दिवशी आयोजकांचा फोन आला. ते जाहिरातदारही होते, त्यामुळे त्यांचं संगीताचं ज्ञान माझ्याहून पक्कं ठरलं. गाणं पुन्हा कुस्तीकडे गेलं, मला गुळाचे बाजारभाव मिळाले.

त्यानंतर कित्येक रविवार मी जॉबरांच्या घरी रेडिओ ऐकायला जात राहिलो. एकदा मी त्यांना काहीतरी विचारलं, ते गप्पच. मी रागावलो. तेवढ्यात चहा घेऊन त्यांच्या पत्नी आल्या.

“डाव्या अंगाला बसा वो. मागाच्या आवाजानं उजवा कान कवाच गेलाय त्यांचा.”

मी खुर्ची उचलून पलीकडे ठेवली.