यादीत माझं नाव नव्हतं

मधुभिया गेल्याचा फोन आला तेव्हा मी मानपुरच्या एका व्यापाऱ्याशी जुन्या पोत्यांच्या भावावरून भांडत होतो. "काका, बाबा गेले," त्याची मुलगी एवढंच म्हणाली. मी त्या व्यापाऱ्याला म्हटलं, "ले जा, तेरे भाव में." असं मी आयुष्यात कधी केलेलं नाही... याला आता तीन आठवडे झाले.

मधुभिया छत्रीबागेतला शाळामास्तर; आमच्या या हिंदी मुलखात भाऊला भिया म्हणतात. दर रंगपंचमीला आमच्या मराठी मंडळात तो होळीच्या उपाध्या वाचायचा, म्हणजे ओळखीच्या प्रत्येकाला एकेक टोमणा. मी फाटकी पोती शिवत शिवत गोदामाचा मालक झालेला, त्यात डोक्यानं गरम, त्यामुळे माझ्यावर त्याचा खास लोभ. एका वर्षी माझ्या नावापुढे त्यानं वाचलं, "मुलगी बघायला गेला, सासऱ्याला पोती विकून आला." ते खरं होतं, म्हणून जास्तच झोंबलं. अख्खं मंडळ हसलं, सगळ्यात जोरात माझी बायको. मी महिनाभर त्याच्याशी बोललो नाही. माझ्या भावना दुखावल्या असतील, असं तेव्हा एकालाही वाटलं नाही. हे मी अजून विसरलेलो नाही.

मग एका वर्षी त्यानं मंडळाच्या अध्यक्षांना उपाधी दिली, "बारसं असो की उद्घाटन, हार यांच्याच गळ्यात." झालं! दुसऱ्या दिवशी समाजाचा अपमान झाला होता. लेखी माफी मागा म्हणून सह्यांचा कागद निघाला आणि तो घेऊन तिघं माझ्याकडे आले. "सेठ, तुम्हाला तर त्यानं दर साल बेइज्जत केलं. पहिली सही तुमची." दुखरी जागा त्यांनी बरोबर पकडली होती. पेन मी हातात घेतलंही... मग म्हटलं, "करतो. पण माझ्या वेळी तुम्ही तिघं हसला होतात. त्याची माफी आधी लिहून द्या."

"अरे भिया, वो अलग बात थी. ते मजाक होतं!"

"मग हेही मजाकच." सौदा फिसकटला.

मधुभियानं माफी मागितली नाही, मंडळानं उपाध्या बंद केल्या. पुढच्या रंगपंचमीला मी गोदाम उघडून दिलं. वीस-पंचवीस जण पोत्यांच्या गठ्ठ्यांवर बसले, तो वाचत गेला, हशा पिकला. यादी संपली... आणि माझं नाव आलंच नाही.

"मला का वगळलं?" मी उभा राहिलो.

"तू एवढं केलंस यार, तुला आता कसं चिडवू?"

इतका संताप मला मंडळात कधी आला नव्हता. "अध्यक्षांना नाही डरलास, आणि माझ्या उपकारानं तोंड बंद? मग उचल तुझा कागद आणि नीघ!"

त्यानं चष्मा पुसला, कागद उलटा केला, चार शब्द खरडले आणि वाचले, "बोलायचं स्वातंत्र्य देतो, पण घासाघीस करून." सगळे गडगडून हसले. मी रागानं लाल, आणि मलाही हसू आवरेना.

तो कागद मी गोदामाच्या दाराला आतून चिकटवला आहे. नवं गिऱ्हाईक माल बघता बघता तो वाचतं, हसतं, आणि हटकून भाव कमी करायला सांगतं. माझं डोकं फिरतं. गेल्यावरही मला रोज चिडवायची सोय करून गेला आहे.