मागच्या चाकातली हवा

आमच्या पिकअपचा ॲव्हरेज लिटरला अकरा होता, तो मी साडेतेरावर नेला. काम चोख केलं होतं. त्यात आजही खोट काढता येणार नाही, आणि मला त्रास होतो तो त्याचाच.

आमच्या घरात सातवीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. मी पेणच्या कॉलेजातून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि रोह्याला एका कंपनीत बॉयलरवर लागलो. निकाल लागला त्या दिवशी बाबांनी माझी मार्कशीट गाडीच्या डॅशबोर्डवर काचेला टेकवून ठेवली आणि तशीच चार दिवस फिरवली. उन्हाने कागद पिवळा पडेल म्हणून मी ती काढून घेतली, तेव्हा म्हणाले, "पडू दे की. पेट्रोल पंपावरच्या पोरांनी पण वाचली."

बॉयलरवर माझं काम म्हणजे इंधन किती जळालं आणि त्यातून वाफ किती निघाली हे बघायचं. आठ तास तेच बघून घरी आलं, की बाबांच्या गाडीचा काळा धूर डोळ्यांत खुपायचा. धूर म्हणजे न जळलेलं डिझेल. मी तसं एकदा बोललोही. बाबा म्हणाले, "जळलं नाय ते बरं. सगळंच जळलं तर गाडी पेटंल."

वर्षभर ते पडेल ती भाडी मारायचे. गागोद्याचा भात, विटा, कुणाच्या लग्नाची भांडी. पण आषाढ लागला की गाडी फक्त जोह्याची. जोह्यात घरटी गणपतीचा कारखाना, आणि तिथे बाबांची ओळख एकच होती, की यांच्या गाडीत देवाचं बोटसुद्धा तुटत नाही. एका कारखान्याच्या काकी होत्या, नवरा गेल्यावर त्यांनी एकटीने कारखाना चालवला. बाबा येऊन उभे राहिल्याशिवाय त्या मूर्तीला हात लावू द्यायच्या नाहीत. दुसरी गाडी रिकामी उभी असली तरी नाही.

बाबांची एक पद्धत होती. मूर्ती चढवायच्या आधी ते मागच्या चाकाशी उकिडवे बसायचे, खिळ्याने व्हॉल्व दाबायचे आणि हवा सोडायचे. बराच वेळ. मग टायरवर अंगठा दाबून बघायचे, कैरी दाबून बघतात तसा. गाडीच्या हौद्यात मागच्या आसावर ओल्या वाळूची सहा पोती कायम पडलेली असायची. त्यावर फळ्या, फळ्यांवर पेंढा, पेंढ्यावर गणपती. रोह्याला माल उतरवला की पंक्चरवाल्याकडे जाऊन परत हवा भरायची, वाळू तशीच घेऊन यायचं. मी लहानपणी विचारलं होतं, की हवा का सोडता. तेव्हा म्हणाले होते, "मागं देव बसतो. त्याला मऊ लागतं."

शिकलेल्या माणसाला हे उत्तर कसं ऐकू येतं ते मी सांगतो. अगरबत्ती लावल्यासारखं ऐकू येतं. कुणी हात जोडून चाकाला नमस्कार करावा, तसली गोष्ट.

गेल्याच्या आदल्या वर्षी मी मनावर घेतलं. माझ्या साप्ताहिक सुट्ट्या त्यात घातल्या. नोझल काढून साफ करून घेतले, एअर फिल्टर नवा घातला, चाकांचं अलाइनमेंट केलं, चारही टायर बदलले. पेणच्या गॅरेजवाल्याला सांगून मागच्या स्प्रिंगच्या कमानीत एक जादा पाटा चढवला, म्हणजे विटा भरल्यावर गाडी मागे बसायला नको. गॅरेजवाला गाडीखाली झोपलेला होता. तिथूनच म्हणाला, "ही गणपतीची गाडी ना रे? बापाला विचारलंस?"

"बाबा हो म्हणालेत."

"हो म्हणाले का हं म्हणाले?"

मी हसलो. तोही हसला आणि पाटा चढवला.

शेवटी राहिली वाळू. मी पोती खाली ओढायला लागलो, तसे बाबा ओट्यावरून उठून आले.

"ती राहू दे ना."

"बाबा, हे वजन रोज फुकट फिरतंय. डिझेल खातंय नुसतं."

"गणपतीच्या टायमाला तरी..."

"आणि हवा पण सोडायची नाही आता. मऊ टायर रस्त्याला चिकटतो, इंजिन ओढत बसतं. पूर्ण हवा हवी."

त्यांनी पोत्यांकडे पाहिलं. मग एका पोत्याचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं. "तुला कळतंय तर कर. तू शिकलायस."

ही वाक्यं मी तेव्हा शाबासकी म्हणून घेतली.

पहिली फेरी गागोद्याहून भाताची केली. गाडी भरलेली होती, रस्त्याला घट्ट बसून चालली. रोह्यात पोचल्यावर मी टाकी परत फुल करून हिशेब लावला. साडेतेरा. बाबांना दाखवलं. ते म्हणाले, "भाताला काय. भात उडला तरी भातच." मी म्हटलं, उडतोय कुठे, गाडी किती छान बसलीय बघा. आणि खरंच छान बसली होती, कारण वर दीड टन होतं. हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. स्प्रिंग जितकी ताठ, तितकं तिला दबायला वजन जास्त लागतं. परीक्षेत मी यावर प्रश्न सोडवले होते आणि मार्क पैकीच्या पैकी घेतले होते. शाडूचे पोकळ गणपती गाडीभर बसवले तरी त्यांचं वजन ते किती. अशा हलक्या मालाखाली तो जादा पाटा लाकडाच्या ओंडक्यासारखा राहणार, टायर दगड होणार आणि प्रत्येक खड्डा जसाच्या तसा देवापर्यंत पोचणार. ती वाळू म्हणजे कमान दाबायची युक्ती होती. हवा सोडणं म्हणजे उरलेला धक्का गिळायची. बाबांनी ते सगळं पुस्तकाशिवाय शोधून काढलं होतं, फक्त सांगायला त्यांच्याकडे देवाचे शब्द होते.

त्या वर्षी पावसाने मूर्ती सुकायला उशीर झाला, जोह्याची पहिली खेप निघाली तेव्हा चतुर्थीला आठ दिवस होते. काकींचा रोह्याच्या स्टॉलचा माल, साठ मूर्ती, सगळ्या शाडूच्या, रंगवून डोळे आखून झालेल्या. काकी एसटीने पुढे आल्या होत्या. माझी दुसरी पाळी होती, म्हणून मीही सकाळी स्टॉलवर जाऊन थांबलो. कशाला, तर ॲव्हरेज ऐकायला. गाडी आली, बाबा उतरले, आणि ताडपत्रीची दोरी सुटायच्या आधी मी विचारलं, "किती लागलं?"

बाबा दोरीच्या गाठीकडे वळले. त्यांचा चेहरा बघून मी डिझेलच्या काट्याकडे बघायचा थांबलो.

ताडपत्री मागे टाकली. वरच्या थरातल्या मूर्ती जागच्या सरकलेल्या होत्या, एकमेकांना टेकून बसलेल्या. पेंढ्यात बोटं पडली होती. आशीर्वादाच्या हाताची बोटं असतात ना, ती, रंगवलेली, नखांसकट. एकाची सोंड मुळाशी तुटून मांडीवर आली होती. स्टॉलवाला मोजत गेला. चौदा मूर्ती भंगल्या होत्या. भंगलेला गणपती कुणी घरी नेत नाही, आणि त्यावर आणखी काही बोलावं लागत नाही.

काकी आरडाओरडा करणाऱ्या नव्हत्या. त्यांनी एक बोट उचललं, पदराने पुसलं.

"भावोजी, काय झालं ओ?"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागच्या चाकाशी उभा होतो. माझा पाय त्या दगडी टायरला लागत होता.

"खड्डा दिसला नाय, वयनी."

"कुठं?"

"वडखळच्या पुढं."

"दरसाल त्यातूनच आणता ना तुमी."

"ऊन डोळ्यावर आलं. दिसला नाय."

आभाळ गच्च भरलेलं होतं. सकाळपासून ऊन पडलेलं नव्हतं. काकींनी वर पाहिलं, बाबांकडे पाहिलं, आणि मान खाली घातली. स्टॉलवाला सहज म्हणाला, "डोळे तपासून घ्या आता. वय झालं." तिथे आणखी दोन गाडीवाले उभे होते. त्यांनीही ऐकलं.

मी इतरत्र तोंडाळ म्हणून ओळखला जातो. कंपनीत मॅनेजरला तोंडावर सांगतो. तिथे मला एक वाक्य बोलायचं होतं, की गाडीत बदल मी केले, आणि ते मला आलं नाही.

त्या चौदा मूर्ती बाबांनी पांढऱ्या कापडाखाली झाकून कुंडलिका नदीवर नेल्या. आरती नाही, नैवेद्य नाही. कंबरभर पाण्यात ते उभे राहिले आणि मी काठावरून एकेक देत गेलो. शाडू लगेच विरघळतो. पाण्यावर रंग थोडा वेळ राहिला. सातवी-आठवी मूर्ती देताना मी म्हटलं, "मी काकींना सांगतो. वाळू मी काढली, पाटा मी घातला."

"काय सांगणार?"

"जे झालं ते."

त्यांनी मूर्ती पाण्याखाली धरली. "मंग लोक काय बोलतील ठावूक हाय? पोराला शिकवून हेच मिळालं. ते मला नको. माझे डोळे गेले म्हणू दे. डोळे सगळ्यांचेच जातात. दे, पुढची दे."

मी पुढची दिली.

आईने त्यांना पेणला डोळ्यांच्या डॉक्टरकडे जबरदस्तीने नेलं. "कशाला गो," म्हणत गेले. डॉक्टर म्हणाले, लांबचं उत्तम आहे, या वयात क्वचित असतं. आई खूष झाली. बाबांनी तिला बजावलं, की हे बाहेर बोलायचं नाही.

पुढच्या आषाढात त्यांनी गाडी धुतली. मला न विचारता पेणला जाऊन जादा पाटा काढून आले. वाळू भरली, पेंढा आणून ओट्यावर सुकवला. मग फोन चार्जिंगला लावून बसायचे. जोह्याहून फोन आला नाही. ज्या माणसाला खड्डा दिसत नाही त्याच्या गाडीत कोण देव बसवणार. ड्रायव्हर उशिरा येतो, भांडतो, पितो, सगळं खपतं. हे नाही खपत. काकींनी एका माणसाच्या हाती साखर पाठवली आणि निरोप पाठवला, "भावोजींना म्हणावं, आराम करा." मी परत म्हटलं, अजूनही सांगतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. श्रावण संपला तेव्हा तो पेंढा त्यांनी शेजारच्या गाईला घातला आणि पाटा परत चढवून आणायला मला सांगितलं. "आता विटाच वाहायच्या तर राहू दे तो."

आता सुट्टीच्या दिवशी गाडी मी चालवतो. विटा असतात. ॲव्हरेज चांगला पडतो. बाबा शेजारी बसतात आणि सगळा रस्ता मला वाचून दाखवतात. "डावीकडं घे." "पुढं खचलाय." "तो बाईकवाला वळणार बघ." मला काही दिसायच्या आधी त्यांना दिसलेलं असतं.

फक्त जोह्याच्या फाट्याशी आलो की ते गप्प होतात. मान सरळ, नजर काचेवर. तिथे ओळखीची माणसं उभी असतात, लांबून हात करतात. बाबा हात करत नाहीत. ज्याला खड्डा दिसत नाही त्याला एवढ्या लांबचा माणूस तरी कसा दिसेल, हे त्यांनी धरून ठेवलंय. लोक हात खाली घेतात. एकमेकांना काही सांगतात.

गेल्या आठवड्यात असंच झालं. काकींच्या कारखान्यातला जुना रंगारी फाट्यावर उभा होता, त्याने दोनदा हात केला. बाबा समोर बघत राहिले. गाडी बरीच पुढे गेल्यावर म्हणाले, "पायाला पट्टी होती त्याच्या. डाव्या. काय झालं असंल?"